चपाती वातड का होते? गव्हाची जनुके, ग्लुटेन आणि खपली यांविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्वीच्या गव्हाच्या चपात्या डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहत, हल्लीच्या दुपारीच वातड होतात. अधिक उत्पादनाच्या मागे लागून शास्त्रज्ञांनी गव्हाची जनुके बदलली आणि त्यामुळे ग्लुटेन वाढले, हे त्याचे कारण आहे का? आणि तसे असेल, तर घरात खपली सुरू करावी का?

गव्हाच्या पैदाशीत आणि दाण्याच्या प्रतीच्या तपासणीत माझी उमेदीची सगळी वर्षे गेली, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगायचे तर, ग्लुटेनचे प्रमाण वाढल्याचा पुरावा नाही. त्याची घडण मात्र वाणागणिक बदलते, आणि चपातीला हवी असलेली घडण पावाला हवी असलेल्या घडणीपेक्षा वेगळी आहे. वातडपणाचे निम्मे कारण बियाण्यात असेल, तर उरलेले निम्मे शेतात आणि गिरणीत असते. आपल्याकडे कोणताही जनुक-परिवर्तित गहू लागवडीसाठी मंजूर नाही, हेही आधीच नोंदवलेले बरे. जे काही झाले आहे ते संकर आणि निवड यांतून झाले आहे. क्वचित किरणोत्सर्गाने घडवलेल्या उत्परिवर्तनातून.

महाराष्ट्रातल्या बाजारात गहू म्हणून जे विकले जाते त्यात तीन वेगळ्या जाती आहेत. लोकवन, सरबती, शासनाच्या धान्य दुकानात मिळणारा गहू, हे सगळे सरबत्या प्रकारातले, म्हणजे ट्रिटिकम एस्टिव्हम. रवा-शेवयांसाठी घेतो तो बन्सी हा ड्युरम, आणि खपली हा डायकोकम. एस्टिव्हममध्ये ४२ गुणसूत्रे असतात, तर बन्सी आणि खपली या दोघांत २८. हा १४ गुणसूत्रांचा फरक कुठून आला, हे समजले की पुढचे बरेचसे सोपे होते. सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या आसपासच्या प्रदेशात, लागवडीखालच्या २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एजिलॉप्स टॉशाय नावाच्या रानगवताशी आपोआप संकर झाला आणि त्या गवताची सगळी गुणसूत्रे गव्हात येऊन राहिली. ए आणि बी हे दोन संच आधीचे होते, गवताकडून आलेला तो डी संच. पावाच्या कणकेला जो ताण असतो, आणि दाण्याचा मऊपणा-कठीणपणा ज्या जनुकांवर ठरतो, त्यांतला मोठा भाग या डी संचात आहे. म्हणूनच बन्सीची चपाती सरबतीसारखी होत नाही आणि ती तशी व्हावी अशी अपेक्षाही धरू नये.

तीन संच असल्याचा पैदासकाराला एक त्रासही आहे. एका संचातले जनुक बिघडले किंवा बदलले, तरी उरलेली दोन आपले काम चालू ठेवतात आणि बदल डोळ्यांना दिसत नाही. गव्हाचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१८ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे भाताच्या कितीतरी वर्षांनंतर. त्याचे कारण हेच: एक लाखाहून अधिक जनुके आणि त्यांतली बहुतेक तीन-तीन प्रतींत.

आता ग्लुटेन. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत राहिलात की पांढरे पाणी, म्हणजे पिष्ट, निघून जाते आणि हातात करड्या रंगाची रबरासारखी लगदी उरते. ती मुख्यतः दोन प्रकारच्या प्रथिनांची असते. ग्लायडिन कणकेला पसरू देते, ग्लुटेनिन तिला ताण देते. ग्लुटेनिनमधल्या मोठ्या, जड रेणूंची जनुके पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, ए, बी आणि डी या तिन्ही संचांत आहेत. १९८० च्या सुमारास केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत पीटर पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डी संचातल्या या जागी ‘५+१०’ नावाची ग्लुटेनिनची जोडी असेल तर कणीक ताकदवान होते, पाव चांगला फुगतो. आणि त्याच जागी ‘२+१२’ असेल तर कणीक नरम राहते. एवढ्या मोठ्या गुणाचा इतका सोपा दुवा पिकांच्या पैदाशीत क्वचितच हाती लागतो. त्यानंतर जगभरच्या पावाच्या गव्हाच्या कार्यक्रमांनी ‘५+१०’ ची निवड सुरू केली.

चपातीचे गणित इथेच वेगळे होते. चपाती लाटताना कणीक पसरली पाहिजे आणि पसरल्यावर तिथेच थांबली पाहिजे. ताण फार असेल तर लाटलेली पोळी आखडते, आणि भाजून गार झाल्यावर चिवट होते. ताण फारच कमी असेल तर पापुद्रा वाफ धरून ठेवत नाही, चपाती फुगत नाही. म्हणजे हवा मध्यम ताण. चपातीसाठी ज्याचा दाखला आजही दिला जातो तो सी ३०६ हा १९६० च्या दशकातला उंच वाण ‘२+१२’ जोडीचा आहे. पाव-उद्योगाच्या मोजपट्टीवर तो कमी गुणांचा ठरेल. प्रत चांगली की वाईट, हा प्रश्न ‘कशासाठी’ हे सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. बिस्किटाला तर मऊ दाण्याचा, कमी प्रथिनांचा, म्हणजे १० टक्क्यांच्या आतला गहू लागतो, आणि तसे वाण आपल्याकडे फारच थोडे आहेत.

ग्लुटेनइतकीच, किंबहुना माझ्या मते चपातीसाठी त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाण्याचा कठीणपणा, आणि तिच्याविषयी कोणी विचारत नाही. पाचव्या गुणसूत्राच्या डी प्रतीवर प्युरोइंडोलिन नावाच्या प्रथिनांची दोन जनुके शेजारी शेजारी आहेत. दोन्ही शाबूत असली तर दाणा मऊ. दोहोंपैकी एकात बिघाड असला तर दाणा कठीण. त्यांतल्या एका प्रसिद्ध बिघाडात प्रथिनाच्या साखळीतले एकच अमिनो आम्ल बदललेले आहे, आणि तेवढ्याने गहू दळण्याच्या दृष्टीने दुसऱ्या वर्गात जातो. बन्सीत डी संचच नाही, त्यामुळे ही प्रथिनेही नाहीत, म्हणून तो सर्वांत कठीण आणि त्याचा रवा निघतो. चपातीशी याचा संबंध असा: कठीण दाणा दगडी चक्कीत दळला जाताना पिष्टाचे कण काही प्रमाणात फुटतात. फुटलेले कण जास्त पाणी पितात. जास्त पाणी मावलेली कणीक भाजताना पूर्ण कोरडी होत नाही, आणि त्यामुळे चपाती डब्यात मऊ राहते. तोच गहू रोलर मिलमध्ये दळून त्यात कोंडा मिसळून विकला तर पिष्ट तितके फुटत नाही, पाणी कमी मावते आणि चपाती लवकर कडक होते. प्रश्नकर्त्यांनी वाण बदलला की पीठ घेण्याची जागा बदलली, हे एकदा आठवून पाहावे. अनेक घरांत दोन्ही एकाच काळात बदलले आहे आणि दोष सगळा वाणाच्या माथी मारला गेला आहे.

कणीक फ्रिजमध्ये ठेवली की काळपट पडते, हीही तक्रार याच वर्गातली. ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराचे (एन्झाइमचे) काम, आणि त्याची मुख्य जनुके दुसऱ्या गुणसूत्रावर आहेत. प्रयोगशाळेत याची तपासणी अगदी साधी आहे: भिजवलेले दाणे फिनॉलच्या पातळ द्रावणात ठेवायचे आणि काही तासांनी रंग पाहायचा. काही वाणांचे दाणे जेमतेम तपकिरी होतात, काही कोळशासारखे काळे. कोळशासारखे होणाऱ्यांची कणीक सकाळी मळून रात्री वापरू नये, इतकेच. खाण्याला त्यात काही अपाय नाही.

प्रश्नातल्या तक्रारीत तथ्य आहे तो भाग आता सांगतो. गेल्या अर्धशतकातल्या अनेक वाणांत राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा आहे. गव्हाच्या पहिल्या गुणसूत्राच्या बी प्रतीची आखूड भुजा जाऊन त्या जागी रायची भुजा बसलेली आहे. जर्मनीतल्या पेटकुस रायकडून आलेला हा तुकडा सोव्हिएत वाण कावकाझमधून मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या साहित्यात आला आणि तिथून जगभर पसरला, कारण त्यावर तांबेरा या बुरशीजन्य रोगाच्या तिन्ही प्रकारांना रोखणारी जनुके एकत्र होती. पंजाब-हरियाणात एके काळी सर्वाधिक पेरला गेलेला पीबीडब्ल्यू ३४३ याच घराण्यातला. पण त्या तुकड्याबरोबर रायची सिकॅलिन नावाची प्रथिने आली आणि गव्हाची त्या जागची ग्लुटेनिन-ग्लायडिन गेली. परिणामी कणीक हाताला चिकटते आणि तिचा ताण घटतो. पावात हा दोष ठळक दिसतो, चपातीत कमी, पण मळणाऱ्या हाताला तो कळतो. हा सौदा डोळे उघडे ठेवून केलेला होता, आणि मी त्याला चूक म्हणणार नाही: तांबेऱ्याने पीक गेले तर प्रतीची चर्चा कोणत्या गव्हाची करायची? पुढे १९९८ साली युगांडात आढळलेल्या यूजी ९९ या खोड तांबेऱ्याच्या प्रकाराने त्या तुकड्यावरचे एसआर ३१ हे जनुकच निकामी केले, तेव्हा मात्र त्या सौद्यातला नफा बराच आटला.

‘बुटके वाण आले आणि ग्लुटेन बिघडले’ हे विधान मात्र टिकत नाही. जपानच्या नोरिन १० या वाणाकडून आलेली बुटकेपणाची जनुके चौथ्या गुणसूत्रावर आहेत; ग्लुटेनची पहिल्या आणि सहाव्यावर. एकाची निवड केल्याने दुसरे आपोआप बदलत नाही. जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातले साठ वाण, दर दशकाचे पाच, एकाच ठिकाणी पेरून तपासले गेले. एकूण प्रथिने आणि ग्लायडिन काळानुसार किंचित कमी झालेली आढळली, ग्लुटेनिन थोडे वाढलेले, आणि एकूण ग्लुटेन जवळजवळ तेवढेच. त्या अभ्यासात वाणापेक्षा त्या-त्या वर्षीच्या पावसाचा प्रभाव मोठा निघाला, आणि शेतावर काम केलेल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

कमी झाले आहे ते वेगळेच. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे १८४३ पासून सलग गहू पेरला जातो आणि दाण्यांचे जुने नमुने जपून ठेवलेले आहेत. त्या नमुन्यांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जस्त आणि लोह जवळपास स्थिर आहे, आणि बुटके वाण आल्यावर ते घसरलेले दिसते. दाण्यात पिष्ट जास्त भरले आणि खनिजे त्या प्रमाणात वाढली नाहीत. पोषणाची तक्रार करायची तर ती इथे करावी. यावर काम चालू आहे आणि महाराष्ट्रातही आहे: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी वाण १४.७ टक्के प्रथिने, दशलक्ष भागांत ४०.३ भाग जस्त आणि ४६.१ भाग लोह असलेला आहे, आणि तो बुटकाच आहे.

मग चपातीसाठीच म्हणून वाण का निघत नाहीत? याचे उत्तर पैदाशीच्या पद्धतीत आहे. संकर करताना ओंबी पोटरीतून बाहेर पडत असतानाच मधली कोवळी फुले काढून टाकतात, उरलेल्या प्रत्येक फुलाचे शेंडे कात्रीने छाटतात, चिमट्याने तिन्ही पुंकेसर उचलतात आणि ओंबीवर कागदी पिशवी चढवतात. दोन-तीन दिवसांनी नर वाणाची फुललेली ओंबी त्यात फिरवतात. हे सगळे सोपे. अवघड पुढचे आहे. दुसऱ्या पिढीत हजारो झाडे वेगवेगळ्या गुणांची उभी असतात आणि एका झाडापासून मूठभर दाणे मिळतात. चपाती करून पाहायला निदान काही शे ग्रॅम पीठ लागते. तेवढे बियाणे पाचव्या-सहाव्या पिढीच्या आधी हाती येत नाही, आणि तोवर उंची, तांबेरा, पक्व होण्याचा काळ यांवर नव्वद टक्क्यांहून अधिक झाडे आधीच बाद झालेली असतात. उत्तम चपातीचे झाड त्यांत गेले की राहिले, हे कोणालाच कळत नाही.

त्यावर तोड म्हणून एक सुंदर युक्ती वापरली जाते. दाणा धारदार पात्याने आडवा कापायचा. शेंडीकडचा अर्धा भाग भरडून त्यातली प्रथिने विजेच्या प्रवाहाने जेलच्या पातळ थरातून सरकवून वेगळी करायची, आणि अंकुराकडचा अर्धा भाग जपून ठेवायचा. जेलवर निळे पट्टे उमटले की कोणत्या दाण्यात ‘५+१०’ आहे आणि कोणत्यात ‘२+१२’ हे वाचता येते, आणि हव्या त्या अर्ध्या दाण्यांचेच रोप केले जाते. अंकुर शाबूत असल्यामुळे अर्धा दाणाही व्यवस्थित उगवतो. हल्ली पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून हेच काम होते. थोड्या पिठावर होणारी दुसरी चाचणी अवसादनाची: पिठात लॅक्टिक आम्ल आणि सोडियम डोडेसिल सल्फेट मिसळून मोजनळी ठरावीक वेळ हलवायची, ठेवून द्यायची आणि तळाशी बसलेल्या गाळाची उंची वाचायची. ताकदवान ग्लुटेन फुगून उंच थर धरते, कमकुवत तळाशी बसते. या चाचण्या पावाच्या दिशेने उत्तम रस्ता दाखवतात, पण चपातीसाठी ‘मध्यम’ हे उत्तर हवे असते, आणि मध्यमाची निवड टोकाच्या निवडीपेक्षा नेहमीच कठीण.

यानंतर अखिल भारतीय समन्वित चाचण्या येतात. महाराष्ट्राचा बहुतांश भाग द्वीपकल्पीय विभागात मोडतो आणि इथे निफाड, पुणे, धारवाड अशा केंद्रांवर नवे वाण काही वर्षे प्रचलित वाणांशी तोलले जातात. उत्पादन आणि तांबेरा या दोन चाळण्यांतून जो उतरतो तो पुढे जातो. चपातीचे गुण अहवालात छापले जातात, पण केवळ त्यांच्यासाठी कमी उत्पादनाचा वाण पुढे नेला, असे सहसा होत नाही. शेतकऱ्याला तरी तो का हवा असावा? बाजार समितीत गव्हाचा भाव दाण्याचा टपोरेपणा, चमक आणि रंग पाहून ठरतो. १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आले तेव्हाही हेच झाले होते: लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ यांचा दाणा लाल, म्हणून लोकांनी नाके मुरडली, आणि कल्याणसोना, सोनालिका हे पिवळसर दाण्याचे वाण निवडून काढावे लागले. सोनोरा ६४ वर गॅमा किरणांचा मारा करून १९६७ मध्ये शरबती सोनोरा काढला तोही मुख्यतः रंगासाठीच. चपातीच्या चवीचा त्या लाल रंगाशी फारसा संबंध नव्हता, पण एक संबंध होता आणि तो उलट दिशेने: लाल दाण्याला सुप्तावस्था जास्त असते. पिवळसर दाण्याचा गहू काढणीच्या वेळी अवकाळीत भिजला तर ओंबीतच अंकुरायला लागतो.

आणि हे आपल्याकडे मार्चमध्ये सर्रास घडते. अंकुर बाहेर दिसला नाही तरी दाण्यात अल्फा अमायलेज तयार झालेले असते. ते कणकेतले पिष्ट तोडते आणि कणीक पातळ, चिकट होते. प्रयोगशाळेत याला ‘फॉलिंग नंबर’ची चाचणी आहे: निरोगी गव्हाचा आकडा ३०० सेकंदांच्या पुढे असतो, भिजलेल्याचा पार खाली येतो. वाण तोच, शेत तेच, एका पावसाने पीठ वेगळे. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दुखणे निराळे. डिसेंबरच्या मध्यानंतर पेरले की दाणा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भरतो, पिष्ट पुरते भरत नाही, दाणा सुरकुततो. प्रथिनांची टक्केवारी कागदावर वाढलेली दिसते, पण उन्हाने ग्लुटेनची घडण बिघडलेली असते. मध्य प्रदेशातल्या सिहोर-विदिशाच्या सरबतीचा लौकिक वाणाइतकाच तिथल्या काळ्या जमिनीचा आणि कमी पाण्याचा आहे. तेच बियाणे भरपूर पाणी आणि बेताच्या नत्रावर वाढवले तर तो दाणा आणि ती चपाती मिळत नाही. दुकानातली ‘सरबती’ ही पाटी तर वाणाचे नावही नव्हे. त्या नावाखाली अनेक वाण खपतात. लोकवनचे तसे कमी, तो खरोखरच गुजरातेतल्या सणोसरा इथल्या लोकभारतीचा लोक १ हा वाण. पण दुकानातला प्रत्येक ‘लोकवन’ लोक १ असेलच असे नाही.

तेव्हा व्यवहारात इतके करता येईल: शक्य असेल तर शेतकऱ्याकडून थेट गहू घ्यावा; वाण कोणता, पेरणी कधीची, काढणीच्या वेळी पाऊस लागला का, एवढे तीन प्रश्न विचारावेत; आधी पाच किलो दळून पाहावे; कणीक थोडी सैल मळून अर्धा तास झाकून ठेवावी. गिरणीत दगड फार आवळून झपाट्याने दळले आणि पीठ हाताला चटका लागेल इतके गरम निघाले, तर चांगला गहूही वाया जातो.

राहिली खपली. तिला तिची चव आहे, खिरीला तिच्यासारखा गहू नाही, आणि सांगली-सातारा-बेळगाव पट्ट्यात ती टिकून राहिली याचा मला आनंदच आहे. पण ती ‘न बदललेली प्राचीन’ म्हणून विकली जाते ते तितकेसे खरे नाही: धारवाडचा डीडीके १०२९ आणि आघारकरचा एमएसीएस २९७१ हे सुधारित बुटके वाण आहेत आणि त्यांनीच ही शेती परवडण्याजोगी केली. खपलीत ग्लुटेन नसते, हे तर साफ चूक आहे. डी संच नसल्यामुळे तिचे ग्लुटेन कमकुवत असते, कणीक लवकर तुटते, म्हणून ती ‘हलकी’ वाटते. ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिअक आजारात सर्वांत त्रासदायक ठरणारा, ३३ अमिनो आम्लांचा ग्लायडिनचा तुकडा डी संचातल्या जनुकांवरून तयार होतो, तो खपलीत आणि बन्सीत नसतो. यावरूनच ‘खपली चालते’ ही समजूत पसरली असावी. परंतु ए आणि बी संचातल्या ग्लायडिनचे इतर तुकडेही त्या रुग्णांच्या आतड्याला इजा करतात आणि ते खपलीत आहेत. ज्याला सीलिअक आजाराचे निदान झाले आहे त्याने खपली, बन्सी, सरबती यांपैकी काहीही खाऊ नये. त्याच्यासाठी ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आहेत, आणि तीही गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर दळून आणू नयेत. घरी छोटी वेगळी चक्की असणे हाच खात्रीचा उपाय.